तिच्या बाजूची काच

गाडी विकायचं ठरलं तेव्हा शिवणवालीला काहीच वाटलं नाही. जुना डबा तो, गेला तर गेला. तिच्या नवऱ्याला बाजारात सगळे काटेवाला म्हणत. दुकानादुकानांतले वजनकाटे दुरुस्त करायचे, मापं लावून तपासायचे आणि परत नेऊन द्यायचे हा त्याचा धंदा. काटे वाहायला आता मोठी गाडी लागत होती, म्हणून ही लहान काढून टाकायची. यात भांडायसारखं काही नव्हतं. भांडणाचं बी पडलं ते पुढच्या वाक्यात. जेवता जेवता काटेवाला म्हणाला, द्यायच्या आधी झिजलेलं सगळं बदलून घेतो. क्लच प्लेट, ब्रेकचे पॅड, पुढचे शॉकअप, आणि तुझ्या बाजूच्या काचेचं मशीन.

"तुझ्या बाजूच्या काचेचं" हे तो इतकं सहज म्हणाला, की तिचा घास हातातच राहिला.

ती काच खाली होईनाशी होऊन वर्षं लोटली होती. हँडल फिरवलं की नुसतं फिरायचं, दाराच्या पोटात काहीतरी खडखडायचं आणि काच ढिम्म. अडकली होती ती वर अडकली होती. म्हणजे पाऊस आत येत नव्हता, चोराचा हात आत येत नव्हता. त्यामुळे काटेवाल्याच्या लेखी ती बिघडलेली नव्हतीच. गाडी आतून थंड करायची सोय नव्हती. उन्हात गाडी तापली की शिवणवाली पदराने वारा घ्यायची आणि तो आपल्या उघड्या खिडकीवर कोपर टेकवून म्हणायचा, माझ्या बाजूने येतंय की वारं. ती म्हणायची, काच करून घ्या. तो म्हणायचा, बघू. लग्नाच्या बायकोला मिळतं ते उत्तर. दुसऱ्या कुणाला त्याने ते कधी दिलं नसेल.

कारण बाजारात काटेवाल्याचा शब्द म्हणजे शब्द होता. भाजीवाल्याच्या काट्याचं पारडं केसभर झुकलं तरी हा माणूस स्वतःहून परत जायचा, स्क्रू पिळायचा आणि त्याचे पैसेही घ्यायचा नाही. लोक त्याच्या तोंडावर म्हणायचे, तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत. तो मान खाली घालून हसायचा. ते हसू शिवणवालीने घरात कधी पाहिलं नव्हतं. सरळपणा हा बाहेर जाताना घालायचा सदरा असावा तसा तो घरी आला की खुंटीला टांगायचा.

गाडीच्या मागच्या काचेवर त्याने "विकणे आहे" असा कागद चिकटवला आणि दुसऱ्याच दिवशी एका नर्सचा फोन आला. नवरा बेकरी चालवतो, गाडी तोच चालवेल, पण तिलाही शिकायची आहे, ड्यूटीच्या वेळा अडनिड्या असतात. हे सगळं शिवणवालीला फोनच्या या टोकावरून कळलं, कारण काटेवाला प्रत्येक गोष्ट स्वतः म्हणून दाखवत होता. मग तो म्हणाला, "नाही नाही ताई, तुम्ही काळजीच करू नका. क्लच थोडा जड आहे, शिकणाऱ्याला त्रास होतो. तो मी बदलूनच देतो तुम्हाला."

शिवणवाली भाजी चिरत होती. ती चिरतच राहिली, फक्त सुरीचा आवाज वाढला. हीच गाडी शिकायची म्हणून तिने एकदा हट्ट धरला होता. तेव्हा हाच माणूस हसून म्हणाला होता, तुझ्याच्याने हा क्लच दाबला जायचा नाही, पाय दुखतील. तिला ते खरं वाटलं होतं. क्लच हा जन्मतःच जड असतो, जसा दगड असतो, अशीच तिची समजूत झाली होती. तो हलका करता येतो, प्लेट बदलली की झालं, हे तिला आज कळत होतं, आणि तेही दुसऱ्या बाईला सांगितलेलं ऐकून.

नर्सचा तिला संशय नव्हता. संशय असता तर बरं झालं असतं. मग नवऱ्याच्या वागण्याला निदान एक कारण तरी असतं आणि चार बायकांत बसून रडता आलं असतं. इथे तसलं काही नव्हतं. ज्या बाईचा चेहराही त्याने पाहिला नव्हता तिच्या पायाची त्याला काळजी होती. शिवणवाली जळत होती ती यासाठी.

तिची शिवणाची खोली गॅरेजला लागून होती. गाड्यांच्या सीटची कव्हरं, टेम्पोची ताडपत्री, असलं जाड काम ती करायची आणि निम्मं काम गॅरेजवाल्याकडूनच यायचं. त्या गॅरेजवाल्याला सगळे टेन्शन म्हणत, कारण इंजिन जळून कोळसा झालं तरी तो सांगायचा, टेन्शन नाही. काटेवाल्याने गाडी त्याच्याकडे नेली आणि काय काय बदलायचं ते सांगितलं, तेव्हा टेन्शनने पान्हा खाली ठेवला. म्हणाला, विकायच्या गाडीचं कुणी औषधपाणी करतं का भाऊ? धुऊन पुसून द्या, टायरला काळं लावून द्या, घेणाऱ्याचं नशीब घेणाऱ्याबरोबर.

शिवणवाली मशीन थांबवून दारात आली होती. तिने टेन्शनची बाजू उचलून धरली. खर्च वाया जाईल, गाडी आहे तशी दाखवा, झीज दाखवून किंमत कमी करा, त्यातही सरळपणाच आहे. बोलली ते अगदी व्यवहाराचं बोलली. टेन्शनने मान डोलावली, वहिनींना कळतं म्हणाला. आत काय शिजत होतं ते तिचं तिला ठाऊक.

काटेवाला ऐकेना. "उद्या ती बाई उतारावर ब्रेक दाबेल," तो म्हणाला, "तेव्हा तिच्या तोंडून माझं नाव निघायला नको."

त्या उतारावरून शिवणवाली किती वेळा गेली होती. ब्रेक दाबला की चाकातून मांजर चिरडल्यासारखा आवाज यायचा आणि ती दाराची कड घट्ट धरायची. तिच्या तोंडून कुणाचं नाव निघत होतं याची चौकशी कुणी केली नव्हती.

मग तो तिच्याकडे वळला आणि म्हणाला, कव्हरंही फाटलीत, तू शिवून टाकशील ना?

ती हो म्हणाली. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो बाहेर आलं, कारण समोर टेन्शन उभा होता आणि कामाला नाही म्हणणं तिच्या हाताला माहीत नव्हतं. शेजारच्या सीटचं, म्हणजे तिच्या सीटचं, जुनं कव्हर तिने उसवलं तेव्हा खाली फोम दिसला. पिवळा पडलेला, चुरा झालेला, आणि मधोमध एक खड्डा. तो तिचा खड्डा होता. तिच्या वजनाने, तिच्या बसण्याच्या ढबीने पडलेला, एका बाजूला जरा जास्त खोल, कारण दाराकडे सरकून बसायची तिला सवय होती. तिने त्यात नवा फोम भरला आणि हाताने दाबून सारखा केला. आता तिथे कुणीही बसलं असतं.

शिवण मात्र तिने पक्की घातली, दुहेरी, टाका टाक्याला लागून. मुद्दाम वाकडं शिवायचा विचार मनात आला होता, पण हात ऐकेनात. आणि शिवता शिवता तिला स्वतःचाच राग आला. सगळ्या शहराच्या गाड्यांना कव्हरं शिवणारी बाई फाटक्या सीटवर बसून फिरली. शिवायला कुणी अडवलं होतं? कुणी सांगितलं नाही म्हणून शिवलं नाही. त्याने एकदा म्हणायला हवं होतं, आपल्या गाडीलाही शिव. ती वाट बघत बसली होती, आणि तिच्याकडून शिवून घ्यायचं त्याला सुचलं ते गाडी नर्सची होणार म्हटल्यावर.

दुपारी टेन्शन जेवायला गेला होता. काम झालेली गाडी गॅरेजमध्ये दारं उघडी टाकून उभी होती. शिवणवाली कव्हर चढवायला आत शिरली आणि ते झाल्यावर चालकाच्या जागेवर जाऊन बसली. डाव्या पायाने क्लच दाबला. पाय खाली गेला. इतका अलगद गेला, की पुढे काही आहे की नाही असं वाटावं. तिने सोडला, पुन्हा दाबला. लहान मुलीलाही जमला असता.

मग ती फिरून आपल्या बाजूला आली. हँडल फिरवलं. काच खाली उतरली, लोण्यासारखी, एकदाही न अडखळता, आणि गॅरेजमधली ऑइलची, रबराची, उन्हाची हवा तिच्या तोंडावर आली. तिने काच वर केली आणि रडली नाही. रडणारी बाई ती नव्हतीच. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि त्या आगीत तिला अगदी स्वच्छ दिसत होतं, काय करायचं ते.

टेन्शन दात कोरत परत आला तेव्हा तिने सांगितलं, हे काचेचं नवीन मशीन काढ आणि जुनं होतं ते परत बसव.

त्याला वाटलं थट्टा आहे. मग त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. "वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना? मोडकं आहे ते."

"ठाऊक आहे. माझं मोडकं मला परत हवंय."

टेन्शन बराच वेळ कुरकुरला. भाऊ मला सोलतील, माझं नाव खराब होईल, वगैरे. ती म्हणाली, तुझं नाव येणार नाही, आलं तर पुढच्या कव्हरांना दुसरी बाई शोध. मग त्याने दाराचं पॅनल उघडलं. ब्रेकला, क्लचला, शॉकअपला हात लावायला तिने सांगितलं नाही. जळणं वेगळं आणि कुणाच्या जिवावर उठणं वेगळं, एवढं तिला कळत होतं. तिला फक्त तिच्या खिडकीतली हवा दुसरीला द्यायची नव्हती. नवीन मशीन टेन्शनने फळीवर ठेवलं, भंगारातलं जुनं शोधून काढलं आणि बसवलं. हँडल फिरवलं. आत खडखडलं. शिवणवालीला ओळखीच्या माणसाचा आवाज ऐकल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स आणि बेकरीवाला आले. नर्स तरुण होती, केस ओले, डोळ्यांखाली जागरण. बेकरीवाला आडदांड, कोपरापर्यंत हातांवर भट्टीचे डाग. शिवणवालीने ठरवून ठेवलं होतं की नर्स नटवी असेल. ती नव्हती, आणि त्याचाही तिला राग आला. काटेवाल्याने बॉनेट उघडून काय काय नवीन टाकलं ते सांगितलं. आवाजात ते बाजारातलं हसू होतं. मग चक्कर मारायचं ठरलं. बेकरीवाला चालवायला बसला, नर्स त्याच्या शेजारी. शिवणवाली म्हणाली, मीही येते, आणि नवऱ्याबरोबर मागे जाऊन बसली. त्या सीटची पाठ तिने पहिल्यांदाच मागून पाहिली. वर नर्सची मान दिसत होती.

ब्रेक छान लागतात, बेकरीवाला म्हणाला. खड्डा लागत नाही, नर्स म्हणाली. कव्हरं कुणी शिवली, सुरेख आहेत. काटेवाल्याने अभिमानाने बायकोकडे बोट दाखवलं. ऊन चढत होतं. नर्सने हँडलला हात घातला आणि फिरवलं. फिरवलं, फिरवलं.

"हे नुसतंच फिरतंय," ती म्हणाली.

"असं कसं? नवीन टाकलंय. कालच टाकलंय," काटेवाला म्हणाला आणि पुढे वाकून त्याने स्वतः फिरवून पाहिलं. दारात खडखडलं.

बेकरीवाल्याने आरशातून मागे पाहिलं. दुकानदार दुकानदाराकडे बघतो ती नजर. त्या नजरेत क्लच, ब्रेक, शॉकअप, सगळंच खोटं ठरून गेलं. काटेवाल्याचे कान लाल झाले. ज्याचा काटा कधी केसभर हलला नाही तो माणूस मागच्या सीटवर चोरासारखा बसला होता आणि म्हणत होता, माझ्यावर विश्वास ठेवा, त्या गॅरेजवाल्याने काहीतरी घोळ केला असणार, आत्ता फोन लावतो.

शिवणवालीला ते गोड लागलं. खोटं कशाला सांगायचं, फार गोड लागलं. ती गप्प राहिली असती तर सगळं मिटलं असतं. टेन्शनने शिव्या खाल्ल्या असत्या आणि त्या पचवल्या असत्या. पण तिच्या रागाचं खापर टेन्शनच्या डोक्यावर फुटणार, म्हणजे तो रागही तिच्या नावावर राहणार नव्हता. वर्षानुवर्षं जपलेली ती एकच गोष्ट होती तिच्याकडे. ती दुसऱ्याला द्यायची तिची तयारी नव्हती.

"त्याने घोळ केला नाही," ती म्हणाली. "मी काढायला लावलं."

काटेवाल्याने फोन खाली घेतला. "तू? कशासाठी?"

"बाबा गेले त्या दिवशी याच गाडीतून निघालो आपण. मला मळमळत होतं. काच उघडेना. तुम्ही म्हणालात, दार जरासं उघडून धरून बस. मी धरून बसले, माहेरचं दार येईपर्यंत. वाऱ्याने ते ओढायचं, मी ओढून धरायची. उतरले तेव्हा खांदा वर होईना. आईला मी एका हाताने कवेत घेतलं." ती नर्सच्या मानेकडे बघून बोलत होती. "त्यानंतर तरी काच होईल असं वाटलं होतं मला."

"अगं, मग सांगायचं होतंस."

"सांगितलं. बघू म्हणालात. यांनी एक फोन केला तर बघितलंतही."

नर्स अवघडून म्हणाली, मला काच नसली तरी चालेल हो, खरंच चालेल. बेकरीवाल्याने गाडी कडेला घेतली. शिवणवालीला वाटलं, संपलं, आता हे दोघे उतरतील आणि चालत घरी जातील, आणि गाडी दारात पडून राहील, मोडक्या काचेसकट, तिची.

बेकरीवाला मागे वळला. "ते नवीन मशीन आहे कुठे?"

गॅरेजमध्ये, काटेवाला म्हणाला.

"मग आधी तिकडे जाऊ. गाडी घेतो मी. पण काच झाल्यावर. ही दिवसभर औषधांच्या वासात असते, बंद गाडीतून नाही नेणार हिला." हे तो रागाने म्हणाला नाही की प्रेमाने म्हणाला नाही. मैद्याची पोती कुठे उतरवायची ते हमालाला सांगावं तसं म्हणाला, आणि गाडी वळवली.

त्या साधेपणानेच शिवणवाली पोळली. ती आतापर्यंत नर्सवर जळत होती, नवऱ्याच्या फोनवरच्या गोडव्यावर जळत होती. आता तिला कळलं की जळण्यासारखं खरं हे होतं. यात सरळपणा मिरवायचा नव्हता, बाजारात नाव व्हायचं नव्हतं. माणसाला काच उघडत नाही असं दिसलं आणि त्याने गाडी वळवली. एवढंच करायचं असतं, आणि एवढंच असतं हे तिला मागच्या सीटवरून बघायला लागलं.

टेन्शनने त्यांना बघून दोन्ही हात वर केले. मी काही केलं नाही, तो बोलायला लागला, पण काटेवाल्यानेच त्याला थांबवलं. बसव ते मशीन, एवढंच म्हणाला. चहा येऊन संपेपर्यंत काम झालं. ज्या पॅनलचे स्क्रू काल तिच्यासाठी निघाले होते तेच पुन्हा निघाले, पुन्हा लागले. काटेवाला दाराशी उभा राहून स्क्रू हातात घेत होता, एक एक देत होता, बायकोकडे बघायचं टाळत होता. त्याला कळलं होतं. त्याच्या पडलेल्या खांद्यांवरून तिला ते दिसत होतं. कळायला परका माणूस गाडीत बसावा लागला, याचा तिला जास्त राग आला.

नर्सने काच खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली. मग तिने शिवणवालीला हाक मारली. वहिनी, तुम्हीच एकदा बसून फिरवून बघा ना.

"नको," शिवणवाली म्हणाली. "तुमची आहे, तुम्हीच फिरवा."

व्यवहार झाला, चावी गेली. गाडी गॅरेजच्या दारातून बाहेर पडली तेव्हा नर्सचं कोपर खिडकीवर होतं आणि तिचे ओले केस वाऱ्यावर सुटले होते. ब्रेक किंचाळला नाही. वळणावर दिवा लागला आणि गाडी गेली. टेन्शन पहिल्यांदाच "टेन्शन नाही" असं म्हणाला नाही. शोधायचं काही नसताना तो आत जाऊन काहीतरी शोधायला लागला.

काटेवाला आणि शिवणवाली घरी निघाले ते चालत. ती पुढे, तो अर्धं पाऊल मागे. एरवी हे उलटं असायचं. हमरस्त्याशी आल्यावर घसा खाकरून म्हणाला, "नवी गाडी घेऊ ना, तिची तुझ्या बाजूची काच मी स्वतः तपासून घेईन. दहादा फिरवून बघेन."

ती थांबली.

"नव्या गाडीची काच नवीच असते," ती म्हणाली. "त्यात तुमचं काय?"

ती उभी राहिली ती त्याच्या उत्तरासाठी नव्हे, समोरून टेम्पो येत होता म्हणून. टेम्पो गेला. तिने रस्ता ओलांडला आणि मागे न बघता घराच्या दिशेने चालू लागली, कारण स्वयंपाक उरकून दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीची कव्हरं संध्याकाळपर्यंत द्यायची होती.